झडप नवी, व्रण जुना

लोक भेटले की विचारतात, "ऑपरेशन झालं ना? म्हणजे आता एकदम ठणठणीत!" मी हसून हो म्हणते, कारण रस्त्यात उभं राहून खरं उत्तर देण्याइतका दम माझ्यात उरत नाही. ते उत्तर इथे बसून, मध्ये मध्ये थांबत लिहिते आहे. माझ्यासारखी हृदयाची झडप घेऊन कुणी दवाखान्याच्या बाकावर बसलं असेल, तर त्याला खोटा धीर मिळू नये आणि खरा मिळावा, एवढाच हेतू.

मी वसुधा. झाशीत जन्मले, झाशीतच दिलेली. माहेरची माणसं पिढ्यानपिढ्या इथलीच. ओरछा गेटच्या आतल्या गल्लीत आमचं घर. सासरे भुसावळहून रेल्वेच्या बदलीवर आले आणि इथेच राहिले. यजमान श्रीपाद रेल्वेच्या कारखान्यात सुपरवायझर. मी बबीन्याच्या छावणीतल्या शाळेत हिंदी शिकवत होते. वर्गात फौजींची पोरं, दर दोन-तीन वर्षांनी बदलणारी. एक मुलगी, केतकी. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर बहुधा हिंदीत येतं.

दमा म्हणायचे त्याला

सुरुवात वाचनापासून झाली. कविता मोठ्याने वाचून दाखवणं हा माझा आवडता तास. एकदा ओळ अर्ध्यावर आली आणि श्वास संपला. विराम नसताना मी थांबले. मुलांना वाटलं, मॅडम मुद्दाम थांबल्या, काहीतरी गंमत सांगणार. मी पुस्तक खाली ठेवलं आणि त्यांनाच वाचायला सांगितलं. पुढे पुढे रोजच त्यांनाच सांगू लागले.

मग बस स्टँडपासून शाळेपर्यंतचा रस्ता लांब झाला. छातीवर कुणी तळहात दाबून धरल्यासारखं व्हायचं; थांबलं की सुटायचं. ओळखीच्या डॉक्टरांनी दमा म्हणून पंप लिहून दिला. आमच्याकडे ते कुणाला नवल वाटलं नाही, कारण माझी आईही 'दमेकरी' होती आणि पन्नाशी गाठायच्या आत त्या दम्यानेच गेली, असं सगळे म्हणत. श्रीपाद म्हणाले, "वजन कमी कर, सगळं ठीक होईल." मी वजन कमी केलं. दम लागणं तेवढंच राहिलं.

एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी मी उभ्याउभ्या पडले. डोळे उघडले तेव्हा कपाळावर कुणाचा तरी ओला रुमाल होता आणि आमच्या मुख्याध्यापिका वाकून म्हणत होत्या, "गर्मी है, गर्मी।" फेब्रुवारी महिना होता.

तो दिवस

झाशीतल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे केतकीने नेलं. श्रीपाद हेल्मेट हातात घेऊन मागून आत आले. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, जागा बदलली, मग मानेला लावला. नंतर ते ताठ बसले आणि म्हणाले, "इतने साल में किसी ने आपकी छाती सुनी नहीं?"

मला आठवेना. पंप दिला होता, गोळ्या दिल्या होत्या, रक्त तपासलं होतं. पण ब्लाउजचं एक बटण काढून कुणी कान देऊन ऐकलंय, असं काही आठवेना.

इको झाला. पडद्यावर काहीतरी पांढरं, जाड, अडकत अडकत हलत होतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयातून अख्ख्या अंगाला रक्त जातं त्या दारावरच्या झडपेला तीन पाकळ्या असतात. माझ्या झडपेला जन्मापासून दोनच. दोन पाकळ्यांवर तिघींचा ताण पडतो. त्या लवकर झिजतात, त्यांच्यावर चुना साचतो आणि दार किलकिलंच उघडतं.

"गोळीने उघडेल?" श्रीपादांनी विचारलं.

"नहीं भाई साहब. दवा से पत्थर नहीं पिघलता. झडप बदलावी लागेल." ते झाशीचेच, समोर मराठी माणसं दिसली की दोन शब्द मराठीत बोलत. "और देर मत कीजिए. या दाराच्या मागे हृदय इतकी वर्षं धक्के मारतंय. त्याचा स्नायू जाड झालाय. मला भीती त्याची वाटते."

बाहेर आल्यावर आम्ही तिघं उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभे राहिलो. कुणी रस मागितला नाही. गाडीवाल्याने तरी तीन ग्लास काढले, आणि काढलेत म्हणून आम्ही प्यालो.

आईचा दमा दमा नव्हता, हे मला त्या गाडीपाशी उमगलं. मी ते कुणालाच सांगितलं नाही.

लखनौ

ऑपरेशन लखनौच्या मोठ्या सरकारी इस्पितळात ठरलं. त्याआधी एमआरआय झाला. त्या बोगद्यात पडून मी यंत्राचे ठोके ऐकत होते आणि मनात म्हणत होते, यांना काय दिसायचं ते दिसू दे, पण मला सांगू नये.

त्यांनी सांगितलं. सर्जन उंच, हळू बोलणारे. ते वाईट बातमी देताना नजर चुकवत नसत, हे मला नंतर बरं वाटलं, तेव्हा नाही. एमआरआयमध्ये माझ्या हृदयाच्या भिंतीत पांढरे पट्टे दिसले होते. ते व्रण. स्नायूच्या जागी भरलेलं चिवट, न आकुंचणारं काहीतरी.

"झडप हम बदल देंगे," ते म्हणाले. "जो दाग बन चुका है, वह नहीं निकलता. थोड़ा हल्का पड़ता है कभी-कभी. पूरा नहीं."

श्रीपादांनी विचारलं, "एक-दो साल पहले आते तो?"

सर्जन त्यांच्याकडे बघून म्हणाले, "तो शायद कम होता."

त्यानंतर वॉर्डात परत येईपर्यंत श्रीपाद माझ्यापुढे दोन पावलं चालत राहिले. एरवी ते कधीच पुढे चालत नाहीत. मला त्यांची पाठ दिसत होती आणि तिच्याकडे बघत चालणं मला अवघड जात होतं.

शेजारची खाट

शेजारच्या खाटेवर रामकली होती. मऊरानीपूरकडच्या एका गावची, माझ्याहून थोडी लहान, शेतात राबणारी. आजार तोच, दोन पाकळ्यांची झडप. तिचं दार माझ्यापेक्षाही अरुंद झालं होतं, असं नर्सने सांगितलं. तरी पडल्यापडल्या तिचं बोलणं संपायचं नाही.

"काय जिज्जी, का सोच रईं?"

"डर लगता है."

"मरनो हुइए सो मर जैहैं. जी गए सो मटर तोड़हैं." मेले तर मेले, जगले तर मटार तोडीन, असं म्हणत हसायची. तिची वेणी सुटलेली असायची. केतकी दोघींचे केस एकापाठोपाठ एक विंचरून द्यायची. सकाळी पाचला रक्त घ्यायला येणारे, मग रक्तदाब, मग लाद्या पुसणारी बाई, मग राउंड, मग वाट बघणं. इस्पितळात सगळ्यात जास्त काम वाट बघण्याचं असतं. रामकली असल्यामुळे ते दोघींत वाटलं गेलं.

तांदळाएवढा तुकडा

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी निकहत आली. तरुण डॉक्टर, पण उपचार करणारी नव्हे, संशोधन करणारी. खुर्ची ओढून माझ्या उंचीवर बसली. ऑपरेशनच्या वेळी हृदय उघडलेलंच असणार. तेव्हा आतल्या भिंतीतून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेऊ द्याल का, असं तिने विचारलं.

"कशाला?"

ती हिंदीत बोलत होती. मी मला समजलं तसं सांगते. दाब वाढला की हृदयाच्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. ताण आलाय, मदत करा. मग दुरुस्ती करणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि धागे विणू लागतात, भिंत मजबूत व्हावी म्हणून. काम झालं की त्यांनी थांबायला हवं. काही माणसांत त्या थांबतात. काही माणसांत थांबतच नाहीत. विणत जातात, विणत जातात, आणि शेवटी स्नायूपेक्षा धागेच जास्त होतात. झडप तीच, दाब तोच, तरी एकाच्या हृदयात व्रण पडतो आणि दुसऱ्याच्या नाही. 'थांबा' सांगणारा निरोप कुठे हरवतो आणि 'अजून, अजून' म्हणणारे रेणू कोणते, ते आम्ही शोधतोय.

"त्यातून मला काय मिळेल?"

"आपको? कुछ नहीं," निकहत म्हणाली. "झूठ नहीं बोलूँगी. बाद वालों को, शायद."

ती गेल्यावर श्रीपाद भडकले. लखनौला आल्यापासून ते पहिल्यांदाच एवढं बोलले. "आधीच खराब झालेलं हृदय, त्यातलं अजून कापून द्यायचं? काही नको. मी त्या पोरीला सांगून येतो."

"बसा खाली," मी म्हटलं. "माझ्या छातीतलं आहे. मी ठरवीन."

"आणि काही झालं तर?"

"झालं तर ते या दाण्यामुळे होणार नाही. जे झालंय ते आधीच झालंय."

हे बोलायला नको होतं. ते उठून खिडकीशी गेले. रामकली पलीकडून आमचं मराठी ऐकत होती. शब्द कळले नसतील, पण तिने पदर तोंडावर ओढून झोपल्याचं सोंग घेतलं, त्या अर्थी बाकी सगळं कळलं होतं. तिनेही दाणा द्यायला होकार दिला होता, हसत हसत. "धान तौ हम सबखों देत," म्हणाली होती; दाणे तर आम्ही सगळ्यांनाच देतो.

नळी, पाणी, टिकटिक

शुद्ध आली तेव्हा घशात नळी होती आणि हात बांधलेले. ओरडता येत नाही, हे त्यातलं सगळ्यात भयंकर. मला वाटलं मी गाडली गेले आहे. एका नर्सने माझ्या तळहातावर तिचं बोट ठेवलं आणि म्हणाली, "अम्मा, दबाओ." मी दाबलं. ती तशीच उभी राहिली, मी सोडेपर्यंत. नाव विचारायचं राहून गेलं.

नळी निघाल्यावर कापसाने ओठ ओले केले आणि मग चमच्याने पाणी दिलं. ते पाणी मी विसरणार नाही. आजारपणात देव वगैरे आठवतो म्हणतात. मला त्या चमच्यापुढे दुसरं काही आठवलं नाही.

छातीत टिकटिक सुरू झाली होती. धातूची झडप बंद होताना वाजते. केतकी माझ्या जवळ कान आणून म्हणाली, "आई, तुम तो घड़ी बन गई." आम्ही हसलो आणि टाके दुखले.

रामकलीचं ऑपरेशन माझ्यामागून झालं आणि ती माझ्याआधी घरी गेली.

घरी

आता खरं उत्तर. दार उघडलं, पण आतली भिंत ताठच राहिली. सुरुवातीला सगळे म्हणायचे, अजून वेळ आहे, हळूहळू होईल. मीही म्हणायचे. छातीचं हाड जुळलं, टाके भरले, चक्कर येणं थांबलं. पण दम लागणं थांबलं नाही. पाय सुजू लागले. रात्री दोन उशा लागायच्या, मग तीन. पुन्हा इको झाला. झाशीच्या डॉक्टरांनी आकडा सांगितला नाही, फक्त म्हणाले, "झडप उत्तम चालतेय." त्यांनी पुढचं वाक्य बोलावं म्हणून मी वाट बघत राहिले. ते चिठ्ठीवर गोळ्या लिहू लागले.

रक्त पातळ ठेवायची गोळी, पाणी काढायची गोळी, नाडी आवरायची गोळी. मीठ कमी, पाणी मोजून. शाळा सोडली. निरोपसमारंभात मुलांनी मला कविता वाचायला सांगितली. मी दोन ओळी वाचल्या आणि उरलेली त्यांनीच म्हटली.

अशात एका दुपारी रामकलीचा फोन आला. मागे पाखरं आणि बायकांचा गलका.

"जिज्जी! हम तौ मटर तोड़ रए. सांस नईं फूलत अब, तनकऊ नईं. तुम कैसीं हो?"

मी ठीक म्हणाले. मग आवाज कटतोय म्हणाले आणि फोन ठेवला. आवाज कटत नव्हता. मी पलंगावर बसून रडले, आणि ते रडणं आनंदाचं नव्हतं. मला तिचं हृदय हवं होतं. ज्या बाईने माझ्या खाटेशेजारी पडून मला हसवलं होतं, तिच्या मटारांचा मला राग आला. आजार माणसाला मोठं करतो असं लिहिलेलं मी पुष्कळ वाचलंय. मला त्याने त्या दुपारी लहान केलं. ज्यांना असं होत असेल त्यांनी आपल्याला राक्षस समजू नये, म्हणून हे लिहिलं.

श्रीपाद निवृत्त झाले आणि माझ्या मागे लागले. भाजीत मीठ त्यांच्या हातचं. "किती पाणी प्यालीस? हा कितवा ग्लास? पाय दाखव." एक दिवस मी ग्लास आपटला. "तुम्हाला जे बोचतंय ते माझ्या पाण्यात मोजू नका!"

ते व्हरांड्यात जाऊन बसले. बऱ्याच वेळाने आत आले, दारातच उभे राहिले.

"मी म्हणालो होतो, वजन कमी कर."

"हो. म्हणाला होतात."

'असू दे' म्हणणं सोपं होतं. माझ्या तोंडून निघालं नाही. ते फुटलेल्या काचा गोळा करायला वाकले, आणि मला वाकता येत नसल्यामुळे मी नुसती बघत राहिले. पुष्कळ महिन्यांनी मी म्हटलं, 'असू दे.' त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. त्यांनी माझ्या पायांवर पांघरूण नीट केलं.

निकहतचं उत्तर

लखनौला तपासणीला गेले तेव्हा निकहतला भेटले. प्रयोगशाळेच्या बाहेर, बाकावर. मी सरळ विचारलं, "माझ्या दाण्यात काय दिसलं?"

तिने एकट्या माझ्याबद्दल सांगायचं टाळलं. दाण्यांवर नावं नसतात, म्हणाली. सगळ्यांचे मिळून काही निरोप सारखे दिसतायत, व्रण पडलेल्यांत ते जास्त जोरात आहेत. ते बंद करायची गोळी आहे का? नाही. कुणाच्या हृदयात व्रण पडणार, हे आधी रक्तावरून सांगता येईल का? अजून नाही.

"रामकली के दिल में नहीं पड़ा," मी म्हणाले. "मेरे में पड़ा. क्यों?"

"यही तो सवाल है, आंटी." तिने माझा हात धरला. "इसी के लिए बैठे हैं हम लोग."

उत्तर नसलेल्या माणसाने ते तसं सांगितलं, याचं मला त्या दिवशी बरं वाटलं.

केतकी

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ही झडप घराण्यात चालते. मुलीचा इको करून घ्या. केतकी बिजौलीच्या एका कारखान्यात तयार माल तपासायच्या कामावर आहे. बारीकशी चीर दिसली तरी भाग बाजूला काढते. पण स्वतःला तपासून घ्यायला तयार नव्हती. "जब तक पता नहीं, तब तक मैं ठीक हूँ." यावरून आमची कितीतरी भांडणं झाली. श्रीपाद रागावले, मी विनवलं. ती स्कूटर काढून निघून जायची.

शेवटी मी तिला आजीबद्दल सांगितलं. उसाच्या गाडीपाशी जे मनात आलं होतं ते. की आजी दम्याने गेली नाही. की रात्ररात्र बसून काढायची, उशांना टेकून, आणि आम्ही पोरं तिच्या पाठीला तेल चोळायचो, कारण दम्याला तेच करतात. की मी आता तशीच बसते.

या वेळी केतकीने स्कूटर काढली नाही. पुढच्या शनिवारी कामावरून उशिरा आली. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून लसूण सोलत होते. ती समोर उभी राहिली.

"दो पंखुड़ी की है, आई. तुम्हारी जैसी."

माझ्या हातात लसणाची पाकळी होती. ती तशीच राहिली.

"आणि भिंत?"

"मऊ आहे. अजून काही नाही." हे ती मराठीत बोलली की हिंदीत, मला नक्की आठवत नाही. "हर साल दिखाना है, बस. डॉक्टर बोले, कुछ करना पड़ा तो टाइम पे करेंगे. तुम्हारे जैसा नहीं होने देंगे."

मग ती खाली जमिनीवर बसली, माझ्या गुडघ्याशी. "आई, मेरा दिल किस पे गया होगा? तुम पे, या रामकली मौसी पे?"

मी तिला मांडीवर ओढून घेऊ शकले असते, दामटून 'रामकलीवर गं' म्हणू शकले असते. पण माझ्याशी लोक खोटं बोलले नाहीत तेव्हाच मला धीर आला होता. म्हणून मी म्हटलं, "कुणालाच माहीत नाही, बाळा. शोधतायत."

तिने मान हलवली. आम्ही दोघींनी उरलेला लसूण सोलला.

तेव्हापासून केतकीला एक सवय लागली आहे. मला गच्चीवर जाता येत नाही. कपडे वाळत घालायला तीच जाते. बादली घेऊन जिना चढते, आणि मुद्दाम भराभर चढते. मी खाली पायरीशी उभी असते आणि तिची पावलं ऐकते. वर पोचली की ती थांबते. क्षणभर काहीच ऐकू येत नाही. तिचा हात छातीवर असणार, हे मला न बघता कळतं.

मग वरून हाक येते, "ठीक हूँ!"

"ऐकलं," मी म्हणते.